बंद दारावरचा शिपाई

मी शिपाई बोलतोय. समोर नाही, जरा खाली बघा, बियाण्याच्या डब्याच्या झाकणावर. उंची तुमच्या अंगठ्याएवढी, वजन सुपारीएवढं. हातातली बंदूक अर्धी तुटलेली. पाठीवर हवेची टाकी आहे, तिला टेंभुर्णीतली माणसं औषध फवारायचा पंप समजतात. समजू द्या. फक्त मला खेळणं म्हणू नका. खेळण्याला कुणी 'तू कुठला' असं विचारत नाही. मला विचारलेलं आहे, आणि ज्या बाईनं विचारलं तिनं त्यासाठी सासरी बोलणी खाल्लेली आहेत.

माझा जन्म विलायतेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. शिसं आणि कथील एकत्र वितळवून साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडलो. माझ्यामागून माझ्यासारखेच किती पडले, मी मोजले नाहीत. कुणीतरी बारीक कुंचल्यानं आम्हांला रंगवलं आणि डब्यात घातलं. डब्यात फासे होते आणि एक जाडजूड पुस्तक. खेळाचे नियम त्यात चार पानांत आटोपलेले. बाकीचं सगळं पुस्तक आम्ही कोण, हे सांगण्यात खर्ची पडलेलं.

आमची गोष्ट अशी. आमच्या जगाचा सूर्य विझत चालला, तशी माणसं यानांत बसून निघून गेली. जाताना डोंगराच्या पोटातलं एक मोठं दार त्यांनी बंद केलं आणि आमच्या पलटणीला राखणीला ठेवलं. म्हणाली, तुम्हांला न्यायला येतो. ती आली नाहीत. आम्ही दार सोडलं नाही. बाप थकला की लेक उभा राहिला, लेक थकला की नातू. माझ्या खांद्यावर हा काळा पट्टा आहे ना, ते त्या न आलेल्यांचं सुतक आहे.

मला इकडं आणलं धर्मराजनं. तो जालन्यात बियाणे कंपनीत कामाला. बी वाळवायचं नवं यंत्र शिकायला कंपनीनं त्याला सत्याऐंशी साली विलायतेला पाठवलं. तो ज्या म्हाताऱ्याच्या घरी राहिला, तिथं रविवारी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडून आमच्या लढाया चालत. फासा टाकायच्या आधी ती माणसं एकेका शिपायाची कुळकथा सांगत. शिपाई मेला की घटकाभर गप्प बसत. धर्मराजला ते फार आवडलं. निघताना म्हाताऱ्यानं डबा आणि पुस्तक त्याच्या हातात ठेवलं.

पण गावी, टेंभुर्णीला, आल्यावर धर्मराजनं एक चूक केली. शिकलेली माणसं हमखास करतात ती. त्याला वाटलं, नियम महत्त्वाचे, गोष्टी काय, वेळ घालवायला.

याकूब त्याचा शाळेपासूनचा दोस्त. स्टँडजवळ त्याचं दुकान. ट्रॅक्टरचे रेडिएटर, फुटक्या घागरी, हंडे, सगळ्यांना शिसं-कथील वितळवून डाख लावून द्यायचा. शनिवारी धर्मराज जालन्याहून आला की रविवारी दोघं बाजेवर पोतं अंथरून, पोत्याखाली लोटे ठेवून डोंगर करायचे आणि आम्हांला मांडायचे. मी धर्मराजकडं. समोर याकूबची हिरव्या चिलखताची फौज.

"टाकला फासा," धर्मराज म्हणायचा.

"किती पडले?"

"पाच. तुझा मेला."

"मेला तर मेला. कोण होता?"

"शिपाई होता."

"ते दिसून राह्यलंय मला. कोण होता? तुझ्या दारावर कशाला आल्ता?"

"अरे, खेळ हाय तो."

याकूबनं दोन-तीन रविवार कळ काढली. मग म्हणाला, "धर्मा, यापरीस पत्ते बरे. पत्त्यात राजा कोण न् गुलाम कोण, एवढं तरी ठावं असतं."

आम्ही डब्यात गेलो, डबा माळ्यावर. पुस्तकही माळ्यावर, आणि त्याला वाळवी लागली. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, माझी चौकी, सगळं वाळवीनं खाल्लं. मी अंधारात पडून तो कुरतडण्याचा आवाज ऐकला आहे. तेव्हापासून मी शिशाचा एक तुकडा उरलो.

नव्वद साली धर्मराजचं लग्न झालं. पिंपळगाव रेणुकाईची पुष्पा. रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, धर्मराजनं अंगठीनं त्यावर 'कांता' असं लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. माझं नाव वाळवीनं खाल्लं, तिचं घरच्यांनी.

कांता गरीब गाय आहे, असं सगळे म्हणाले. ती गाय नव्हती, ती बघत होती. धर्मराज पाच दिवस जालन्याला. घरात ती आणि तिची सासू द्वारकाबाई. द्वारकाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण चहात साखर किती घालायची हे त्या सुनेला रोज सांगायच्या आणि रोज वेगळं सांगायच्या. सून रोज 'बरं आत्याबाई' म्हणायची आणि रोज तेवढीच घालायची.

माळा झाडताना तिला डबा सापडला. तिनं झाकण उघडलं आणि मला तळहातावर घेतलं. तिच्या माहेरच्या देवघरात एक वीर आहे. वीर म्हणजे त्यांच्या घराण्यातला, कधीकाळी लढाईत पडलेला पुरुष. चांदीच्या पत्र्यावर त्याचा हत्यारासकट टाक केलेला आहे, सणाला त्याला नैवेद्य असतो, आणि घरातल्या लहान लेकराला विचारलं तरी तो कुणाशी लढला हे सांगता येतं. आता सासरी माळ्यावर तिला हत्यारबंद माणूस सापडला, तोही धातूचा, धुळीत. तिनं काय समजावं? तिनं मला पदरानं पुसलं, चिंचेनं घासलं, त्यात माझा अर्धा रंग गेला. मग कुंकू लावून मला देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी उभं केलं.

सकाळी द्वारकाबाई पूजेला बसल्या. घंटी वाजवता वाजवता थांबल्या.

"कांते, हे कोण?"

"आपले वीर, आत्याबाई. माळ्यावर पडले होते."

द्वारकाबाईंनी मला चिमटीत धरून उजेडात नेलं. माझ्या पाठीवरची टाकी पाहिली. "अगं, ह्यो तर फवारणीचा पंप घेऊन आलाय."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. शेजारची एक बाई एवढ्यासाठी हळद मागायला आली. "द्वारकाबाई, तुमच्या सुनंनं नवा देव आणला म्हणं. कापसावरची अळी जाती का त्याच्यानं?"

"पिंपळगावचा देव हाय, बाई. तिकडं लई चालतो."

सून भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले.

घरातली पाणी भरायची तांब्याची घागर तेव्हा गळत होती. संध्याकाळी द्वारकाबाईंनी निकाल दिला. "रविवारी याकूबला बोलवा. त्या बाहुल्या दे त्याला वितळवायला. घागरीला डाख होईल. घरात हसं तरी राहणार न्हाई."

त्या दिवशी मला कळलं की माझा जीव फाशावर नव्हे, एका प्रश्नावर टांगला आहे. हा कोण? उत्तर नसेल तर हा डाख.

शनिवारी धर्मराज आला. ती सुपात हरभऱ्याचं बी निवडत होती. मला तिनं सुपाच्या कडेला उभं केलं होतं.

"अहो, हा कोण?"

धर्मराज हसला. "आईनं सांगितलं मला. कुणी न्हाई गं. खेळातला हाय."

"खेळातला म्हणजे कोण?"

"म्हणजे असं, फासा टाकायचा. चारच्या वर पडलं तर समोरचा मरतो, न्हाईतर..."

"मरतो कसा ते सांगून राह्यले तुम्ही. कोण हाय ते सांगा."

मी सुपाच्या कडेवरून त्याचं तोंड बघत होतो. कधीतरी पाठ केलेलं विसरलेल्या माणसाचं असतं तसं तोंड होतं. मग त्याला म्हातारा आठवला, टेबल आठवलं, आणि तुकड्या-तुकड्यानं मी आठवलो. विझणारा सूर्य. निघून गेलेली माणसं. दार.

"अन् नाव?"

"पुस्तकात होतं."

"दारामागं काय होतं?"

"ते काय लक्षात न्हाई माझ्या."

ती निवडायची थांबली. ओंजळीतल्या हरभऱ्याकडं बघत म्हणाली, "बी असंल. माणसं कितीबी दूर जाऊ द्या, बी राखायला कुणीतरी मागं ठेवावंच लागतं."

बियाणे कंपनीतल्या धर्मराजला हे कधी सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. पिढ्यान् पिढ्या मी पाठीमागं काय आहे हे न बघता उभा होतो. त्या क्षणी मला माझ्या पाठीशी डोंगरभर बी असल्याचं जाणवलं आणि अर्ध्या बंदुकीनिशी मी ताठ झालो.

रविवारी याकूब आला. अंगणात शेगडी पेटवली, लोखंडाची पळी तापत ठेवली. द्वारकाबाईंनी मला डब्यात टाकून डबा पुढं केला. "घे रे. सगळे घे."

याकूबनं वरचा एक उचलला. माझ्याच पलटणीतला, माझ्या डावीकडं उभा राहणारा. पळीत टाकला. पाय आधी विरघळले, मग चेहरा. एवढ्या वेळात कुणी त्याचं नाव विचारलं नाही. मग याकूबनं मला उचललं.

ओट्यावर धर्मराज उभा होता. आईपुढं बोलावं की न बोलावं, हे त्याचं अजून ठरत होतं. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"याकूबभाई, त्याला नका टाकू."

परक्या माणसासमोर सून बोलली, म्हणून द्वारकाबाईंच्या हातातली राखेची टोपली खाली गेली.

"का, भाभी?"

"तो दारावर हाय." आणि पदर सावरत, खालीच बघत तिनं सगळं सांगितलं. सूर्य, माणसं, दार, बी. आवाज आधी कापरा होता. बियाण्यापर्यंत आली तेव्हा कापरा नव्हता.

याकूब उकिडवा बसून ऐकत होता. पळी लाल व्हायला लागली होती. तो म्हणाला, "हे बराबर हाय. पण मंग माझी हिरवी माणसं? ती चोर म्हणायची का?"

"न्हाई. त्यांच्याकडचं बी किडलं असंल. लेकरं उपाशी असतील. म्हणून आली."

"मंग त्यांचंबी चुकलं न्हाई."

"न्हाई."

"अन् ह्याचंबी न्हाई."

"न्हाई ना."

याकूबनं मला पळीपासून लांब ठेवलं आणि मान हलवली. "धर्मा, हे असं हाय तर तू मला इतके दिवस नुसते पाच न् सहा काय सांगत होतास? मी माझी माणसं अशीच फुकट मारली." मग द्वारकाबाईंकडं वळून म्हणाला, "मावशी, घागर मी दुकानातल्या डाखानं करून देतो. ह्यांना मी बिलकुल हात लावणार न्हाई."

"असं का म्हणून? शिसंच हाय ना ते?"

"आत्याबाई," सून म्हणाली, "आपल्या देवघरातले टाक पण चांदीच हायेत."

द्वारकाबाईंनी टोपली उचलली. आत जायला निघाल्या. उंबऱ्यावर थांबल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग, दार उघडलं का न्हाई त्यांनी?"

"ते फाशावर हाय, मावशी," याकूब म्हणाला. "आत्ता मांडतो."

त्या दिवशी बाजेवर पोतं अंथरलं गेलं. पोत्यामागं सुनेनं हरभऱ्याची वाटी ठेवली. याकूबचा एक हिरवा शिपाई पडला तेव्हा त्यानं त्याला नीट आडवा केला आणि म्हणाला, "ह्याला दोन पोरी होत्या." द्वारकाबाई शेंगा सोलायचं निमित्त करून तिथंच बसल्या होत्या.

"ह्या पंपवाल्याला काहीतरी नाव ठेवा गं," त्या म्हणाल्या. "ह्यो, ह्यो किती म्हणायचं?"

"नाव त्याच्या आईनं ठेवलेलं हाय, आत्याबाई. आपल्याला ठावं न्हाई म्हणून बदलायचं नसतं."

द्वारकाबाईंचे हात शेंगांवर थांबले. धर्मराजनं हातातला फासा खाली ठेवला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "पुष्पा, दारामागं बी कोणतं होतं म्हणालीस?"

त्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. द्वारकाबाईंनी पुढची शेंग फोडली.

"शाळू," ती म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हे शतकही पालटलं. गावात टीव्हीवर रोज अंतराळयानं उडतात, जालन्याच्या दुकानांत दिव्यांनी लुकलुकणारे प्लास्टिकचे सैनिक मिळतात. पाहुण्यांची पोरं ते घेऊन येतात. बटण दाबलं की ते धडाधड गोळ्या झाडतात. कुणावर, का, विचारलं तर पोरं माझ्याकडं बघतात आणि मी त्यांच्याकडं. संध्याकाळपर्यंत ते सैनिक मोरीत पडलेले असतात.

माझा रंग गेला, काळा पट्टा तेवढा राहिला. देवघरात मी परत गेलो नाही, ते बरंच झालं. देवाला हात जोडावे लागतात, मला फक्त विचारावं लागतं. द्वारकाबाई शेवटपर्यंत सुनेला कांताच म्हणाल्या. पण कुणी पाहुणी आली आणि मला बघून हसली, की आधी त्याच सांगायला बसायच्या, "हसू नको बाई. ह्यो दारावर हाय." आणि दरवेळी गोष्टीत काहीतरी नवीन घालायच्या. एकदा तर त्यांनी माझ्या पलटणीला टेंभुर्णीच्या बाजारातून ज्वारी आणून दिली. मी तीही घेतली.

तेव्हा तुमच्याही माळ्यावर असा कुणी असेल, शिशाचा, लाकडाचा नाहीतर हाडामांसाचा, तर पळी तापवायच्या आधी एवढं विचारा, की तू कोण, कुठला, कशासाठी उभा आहेस. उत्तर वाळवीनं खाल्लं असेल तर बसा आणि आठवा. आठवत नसेल तर तुमच्याजवळचं थोडं घाला, पण त्याचं नाव बदलू नका.

मला न्यायला अजून कुणी आलेलं नाही. येऊ नयेच. माझ्या पायाखालच्या डब्यात यंदाच्या पेरणीचं बी आहे, पुष्पानं निवडलेलं. दार बंद आहे. तुम्ही आलात तर फासा मागाहून टाकू. आधी सांगा, तुम्ही कुठले?