लाल पाण्याचा न्याय

देवळासमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कौलांवर माणसं, धक्क्यावर माणसं, शाकारलेल्या होड्यांवरही माणसं चढून बसली होती. रेवदंड्याहून रिक्षा भरभरून येत होत्या. साळवण बंदराला एवढी गर्दी फक्त होळीला व्हायची, आणि ही काही होळी नव्हती. आज सरपंचाचा निवाडा होता आणि तो खुद्द खाडीदेवी करणार होती.

देवी बोलणार होती किशोरीमातेच्या तोंडून. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू आणि मिटलेले डोळे असा त्या बाईंचा थाट. त्या स्वतः फारसं बोलत नसत, अधूनमधून फक्त घुमत. बोलण्याचं काम त्यांचा शिष्य रितेश करायचा. त्याचा आवाज लग्नातल्या वाजंत्र्यांवर मात करणारा होता.

"बघून घ्या, मायबाप! काचेचा हंडा हाय. लपवायला जागा न्हाय. आत खाडीआईचं पाणी, नितळ, आरपार! हातावर आईचं तीर्थ घ्यायचं आणि हात हंड्यात बुडवायचा. निर्मळ माणसाला पाणी ओळख देत न्हाय. पापी माणसाला पाणी सोडत न्हाय! रक्त दाखवतं, रक्त!"

पितळेच्या झारीतून रितेश एकेकाच्या तळव्यावर तीर्थ घालत होता. माणसं एकामागून एक हात बुडवत होती, पाणी होतं तसंच राहत होतं. हात बाहेर काढणारा प्रत्येक जण सुटकेचा श्वास टाकायचा, जणू खरंच काही सिद्ध झालं होतं. मग सरपंच हर्षद भोईरला पुढे ढकलण्यात आलं. पांढरा शर्ट, हातात जाड कडं, चेहऱ्यावर हसू. त्याने हात बुडवला आणि बोटांपासून लाल धूर सुटावा तसा रंग पसरत गेला. बघता बघता अख्खा हंडा लालभडक झाला.

मग जो आरडाओरडा झाला, तो समुद्रात असलेल्या होड्यांपर्यंत गेला असेल.

हर्षद भोईर काही साधूपुरुष नव्हता. गावाची मासळी सुकवायची जागा, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बोंबील टांगायच्या वलांड्या उभ्या होत्या, ती त्याने एका रिसॉर्टवाल्याच्या घशात घातली होती. एका सकाळी बायका टोपल्या घेऊन गेल्या, तर समोर काटेरी तार आणि पहारेकरी. ग्रामसभेत ठराव झाला, असं हर्षद सांगत होता. असा ठराव कुणी ऐकला नव्हता. पण बोलायला गेलेल्या माणसाची होडी दुसऱ्या दिवशी बुडालेली सापडे, म्हणून गाव गप्प होतं.

त्या दिवशी गावाने सगळं वसूल केलं. हर्षदचा शर्ट फाटला, ओठ फुटला आणि देवळाच्या पायरीवर बसवून त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला. बायकांनी ओव्या म्हटल्या. किशोरीमाता हंड्यात नळी धरून मंत्र फुंकत राहिल्या आणि थोड्या वेळाने रंग फिका पडत गेला, तेव्हा रितेश ओरडला, "बघा! पाप्याला पश्चात्ताप झाला, आई शांत झाली!"

गर्दीच्या कडेला दीक्षा मॅडम उभ्या होत्या. त्या गावच्या माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी तो रंग पाहिला होता. रक्त असं नसतं. रक्ताला तपकिरी झाक असते. हा रंग राणी कलरचा होता, लुगड्याच्या काठासारखा, आणि दर वर्षी दहावीची पोरं प्रयोगशाळेत तो बघून टाळ्या पिटत.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात त्यांनी सरळ सांगितलं, "अहो, हंड्यात चुन्याची निवळी आहे. तीर्थात औषध घातलेलं असतं. हा देवीचा चमत्कार नाही."

"मॅडम, तुम्ही हर्षदच्या बाजूच्या का?" एकीने कोयता आपटत विचारलं.

"नाही हो. तो चोरच आहे."

"मग देवी खरंच बोलली ना?"

"चोर चोर आहे म्हणून हंडा खरा होत नाही."

दुसरी बाई हसली. "तुमच्यात देव न्हाय मॅडम. तुमाला काय कळायचं त्यातलं?" आजूबाजूचे हसले. दीक्षा मॅडमनी ते हसणं लहानपणापासून ऐकलं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसाने देवळाविषयी काही म्हटलं की ते हसणं ठरलेलंच. त्या तशाच निघाल्या आणि मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत गेल्या.

सोसायटीचा चेअरमन काळूराम नाखवा. उन्हाने काळवंडलेला, हळू बोलणारा. आयुष्यात कुणाचा कधी पैसा खाल्ला नाही, ही त्याची ख्याती होती. जमिनीसाठी त्याने अलिबागच्या कचेऱ्यांचे इतके उंबरे झिजवले होते की शिपाई त्याला बघून मान फिरवत. मॅडमचं ऐकून घेऊन त्याने दार लोटलं.

"मला ठावं हाय, मॅडम. मीच आणलंय त्यांना."

मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या.

"कायद्यानं न्हाय झालं. अर्जांनी न्हाय झालं. मुंबैला एकजण म्हणाला, अशी माणसं मिळतात, पुढाऱ्याला खुर्चीवरनं खाली ओढणारी. नाटक करतात, पण काम करतात. केलं ना काम? उद्या तार निघंल. बायका मासळी वाळवतील. यात कुणाचं वाईट झालं?"

"नाखवा, नाटक संपलं असेल तर त्यांना आजच्या आज जायला सांगा."

"सांगतो."

त्याने खरंच सांगितलं. ते दोघं उतरले होते त्या धर्मशाळेच्या ओट्यावर रितेश पाय पसरून बसला होता आणि आत लोक रांग लावून उभे होते. कुणाच्या घरातून दागिना गेला होता, कुणाचं जाळं फाटलं होतं, कुणाच्या सुनेला मूल होत नव्हतं. प्रत्येकाला एकच हवं होतं, गुन्हेगाराचं नाव.

"काका, दुकान आत्ता तर चालू झालंय," रितेश म्हणाला.

"मी लोकांना सांगीन सगळं."

"सांगा की. पण सांगायच्या आधी तुम्हाला हंड्यात हात घालावा लागेल. तुमचं पाणी लाल करू का? गाव हर्षदला विसरेल."

काळूराम परत फिरला. तो गप्प बसला, आणि तारही निघाली नाही. रिसॉर्टवाल्याला सरपंच कोण आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

मग तुळशीरामची लेक तापाने फणफणली. तुळशीराम हा भागुबाईचा दीर. भागुबाई एकटी बाई. नवरा वादळात बोट घेऊन गेला तो परत आला नाही. सुकी मासळी विकून ती जगत होती. खाडीच्या तोंडावर तिचं छोटं घर होतं. रिसॉर्टच्या कुंपणाला लागूनच असल्यामुळे त्या घराला आता चांगला भाव आला होता. तुळशीराम ते कितीदा मागून थकला होता.

पोरीला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी तुळशीराम धर्मशाळेत गेला. बराच वेळ तो आत होता. दुसऱ्या सकाळी दवंडी पिटली. पोरीवर करणी झाली आहे, आळीतल्या सगळ्या बायकांनी हंड्यावर यावं.

भागुबाई आपणहून आली. डोक्यावरची टोपली खाली ठेवून ती रांगेत उभी राहिली. तिला वाटलं, चला, हात बुडवू आणि जाऊ बाजाराला. हात बुडवला आणि हंडा लाल झाला.

"अगो, मी काय केलंय?" ती हाताकडे बघत म्हणाली. "मी तिला भाकर भरवते रोज. मी काय केलंय गो तुमचं?"

तिच्याच आळीतल्या बायका मागे सरल्या आणि पुढे आलेल्या पुरुषांच्या हातांत दगड होते. आदल्या महिन्यात हर्षदला मारताना जे हात मोकळे सुटले होते, त्यांना आता आवरायचं कारण उरलं नव्हतं. भागुबाई धक्क्याकडे पळाली. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ती खाली कोसळली. माणसं वर थांबली आणि तिथूनच दगड टाकत राहिली.

शाळेतून धावत आलेल्या दीक्षा मॅडमनी पायऱ्या उतरून तिच्या अंगावर स्वतःला टाकलं, तेव्हा दगड थांबले. रिक्षात घालून तिला अलिबागला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. एका डोळ्याने दिसणार नव्हतं. तुळशीरामच्या पोरीला त्याच दवाखान्यात मॅडमनीच आणवलं. टायफॉइड निघाला, औषधाने ती बरी होऊ लागली.

काळूराम दवाखान्यात आला. खाटेपाशी तो उभा राहिला. भागुबाईने त्याला एका डोळ्याने पाहिलं. "काळूदादा, तुझं पाणी न्हाय ना लाल झालं?" तिने विचारलं. त्याच्यावरही अशीच वेळ आली की काय, या काळजीने ती विचारत होती. काळूराम बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि पहिल्यांदा मॅडमच्या समोर रडला.

"आता काय करायचं ते सांगा."

"खरं बोलायचं. सगळ्यांसमोर."

पुढच्या निवाड्याच्या दिवशी गर्दी आणखी मोठी होती. त्या गर्दीत साध्या कपड्यांतले पोलीस होते, त्यांना मॅडमनी आधीच सगळं समजावलं होतं. रितेशची बडबड रंगात आली असताना काळूराम पुढे झाला आणि त्याने तळवा पसरला.

"घाल तीर्थ."

रितेशने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हसला, झारी कलली आणि हंडा लाल झाला. गर्दीतून गुरगुर उठली.

काळूरामने हात बाहेर काढलाच नाही. "व्हय! मी गुन्हेगार हाय!" तो ओरडला. "पण माझा गुन्हा या हंड्याला ठावं न्हाय. तो मी सांगतो. या दोघांना मी आणलं. हर्षदला पाडायला मी आणलं. देवी बोलली न्हाय, मी बोललो. भागुबाईवरचा पहिला दगड माझा हाय!"

रितेश देवळाच्या मागच्या दाराकडे सरकला, तिथे पोलीस होते. दीक्षा मॅडमनी त्याच्या हातातली झारी काढून घेतली आणि उंच धरली.

"दांड्याला दोन भोकं आहेत, बघा. आत दोन कप्पे आहेत. ज्या भोकावर अंगठा, त्या कप्प्यातलं पाणी अडतं. एकात साधं पाणी आहे. दुसऱ्यात स्पिरिटमधलं फिनॉल्फ्थॅलीन, चुन्याच्या पाण्याला लाल करणारं औषध. वास येऊ नये म्हणून कापूर टाकलाय."

त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली. "ही चुन्याची निवळी. पानाला लावता तो चुना काल पाण्यात घातला आणि वरचं नितळ पाणी गाळून घेतलं." एक भोक दाबून झारी कलवली. पाणी नितळच. दुसरं भोक दाबलं, बरणी लाल झाली. सरबताची नळी घालून त्यांनी आत फुंकर मारली, मारत राहिल्या, तसा रंग विरून गेला. "हा तुमचा पश्चात्ताप. माझ्या श्वासातली हवा चुन्यात गेली, बस. कुणाला करून बघायचंय?"

मासळीबाजारातली ती कोयतेवाली बाई पुढे आली. तिने झारी घेतली, अंगठा इकडे ठेवला, तिकडे ठेवला. आणि मग मटकन खाली बसली.

गर्दीने सुरुवात केली. "मारा! या भामट्यांना मारा!" किशोरीमाता भिंतीला चिकटून थरथरत होती, आता तिच्या अंगात काही येत नव्हतं. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "पुन्हा तेच?" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की आवाज फाटला. "हात खाली करा!" पोलिसांनी दोघांना गाडीत घातलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला. काळूरामवरही आणि तुळशीरामवरही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खोट्याची किंमत एवढ्यात फिटत नाही.

हर्षद भोईर परत आला. ओठावरचा व्रण दाखवत तो सांगू लागला, "हंडा खोटा निघाला ना? म्हणजे आरोप पण खोटे. मी निर्दोष!" राजीनामा जबरदस्तीने घेतला होता, ही गोष्ट खरीच होती. तो रद्द झाला आणि हर्षद पुन्हा खुर्चीवर बसला. ज्या नाटकाने त्याला पाडलं, त्याच नाटकाच्या भांडाफोडीने त्याला धुऊन काढलं. लोक मॅडमना म्हणाले, "झालं समाधान?"

मॅडमचं समाधान झालं नव्हतं. पुढच्या ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. मंचावर हर्षद हसत होता.

"सरपंच म्हणतात, जमिनीचा ठराव ग्रामसभेत झाला. त्या सभेला इथले बरेच जण हजर होते. हंडा नको, देवी नको. ज्यांनी तो ठराव ऐकला, त्यांनी उभं राहून सांगावं."

कुणी उठलं नाही.

"बरं. ज्यांनी असा ठराव ऐकलाच नाही, त्यांनी उभं राहावं."

बराच वेळ कुणी हललं नाही. मॅडम बोलत राहिल्या, आता हळू. "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं. हंडा लाल व्हायच्या आधीपासून. देवीच्या तोंडून ऐकायला तुम्ही हजारोंनी आलात, आणि तेच आपल्या तोंडाने बोलायला एक माणूस नाही. म्हणून भामटे आले. आपण गप्प असलो की आपल्या वतीने बोलायला ते येतातच. मग ते कुणाचं नाव घेतील, ते आपल्या हातात राहत नाही. भागुबाईला विचारा."

जामिनावर सुटलेला काळूराम पहिला उठला. त्याच्यामागे कोयतेवाली बाई. मग तिच्या शेजारची. मग बाकांचा आवाज येत राहिला. हर्षदचं हसू गेलं, पण त्याने डोळे फिरवून कोण कोण उभं आहे ते नीट पाहून घेतलं. उभ्या राहिलेल्यांनीही ते पाहिलं. तरी ते बसले नाहीत.

चौकशीचा आदेश निघाला. तार अजून तिथेच आहे. भागुबाई साळवणला परतली नाही. ती अलिबागजवळ बहिणीकडे राहते, कुबडी घेऊन चालते, आणि गावातल्या कुणी भेटायला आलं तर दार उघडत नाही.

वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. जो चमत्कार तुमच्या शत्रूला चीत करतो, तो तपासणं सगळ्यात अवघड असतं, आणि सगळ्यात आधी तपासायचा तोच. झारी हातात घ्या. अंगठा कुठे आहे ते बघा. आणि जे तुम्हाला माहीत आहे, ते स्वतः उभं राहून बोला.