पंखा दोन नंबरवर

आमच्या प्रयोगशाळेत कपाटाएवढी एक काचेची पेटी आहे. तिच्यात मी ढग बनवते. हसू नका, पगार मिळतो त्याचा.

अकरा दिवस पेटीतले थेंब वाढायलाच तयार नव्हते. धुकं दाट, कॅमेऱ्यात चित्र झकास, सगळे थेंब एका मापाचे. खालची ताटली मात्र कोरडी ठाक. शेवटी आमच्या शास्त्रज्ञ बाई आल्या आणि पंख्याचं बटण बघून वैतागल्या.

"अहो, हवा इतकी शांत ठेवलीत तर हे सगळे एकाच वेगाने खाली येणार. कोण कोणाला भेटणार? आपटू द्या ना एकमेकांवर! त्याशिवाय मोठे कसे होतील?"

"चित्र बिघडतं," मी पुटपुटले.

"बिघडू दे."

पंखा दोन नंबरवर केला. पडद्यावर नुसता गोंधळ. पण अर्ध्या तासात ताटलीत पाणी दिसलं आणि मला एकदम धाकटीची आठवण आली.

धाकटी बहीण माझी, चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूर गेलेली. दर रविवारी फोन. "बरी आहेस ना ताई?" "बरी. तू?" "मजेत." संपलं. एका चादरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या आम्ही! या शुक्रवारी ती तिकडे घर घेणार होती, म्हणजे परत यायचा विषयच मिटला. मी शहाण्यासारखं "अभिनंदन" लिहून पाठवलं होतं. आत जीव नुसता तुटत होता.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून फोन लावला.

"बरी आहेस ना ताई?"

"मुळीच नाही! ती निळी चादर माझी होती. न विचारता घेऊन गेलीस. आणि वर आता तिकडे घरही घेतेस?"

पलीकडून तोच जुना चिरका आवाज. किती वर्षांनी ऐकला, बाई!

"आणि माझी बॅग कोणी भरली? तूच! घड्या घालघालून! दारात किती वेळ घुटमळले मी, माहितेय? एकदा तरी म्हणालीस, जाऊ नकोस म्हणून?"

तिचा विरस नको म्हणून मी गप्प बसले होते. चांगुलपणा कसला, मूर्खपणा!

"नाही म्हणाले," मी कबूल केलं.

"मग आता म्हण ना!" ती रडत ओरडली.

जिन्यातली माणसं वळून बघत होती. बघेनात का. मी म्हणाले.