ज्याचा त्याचा भाग

अवधूतने कँटीनच्या टेबलावरचे चहाचे ग्लास बाजूला सारले आणि वही पुढे ओढली.

“चला, पटापट उरकू. सगळ्यांनी काम वेळेवर द्यायचं. झालं.”

शर्मिला मॅडमनी या वेळी नवंच खूळ काढलं होतं. बसथांब्यांवरच्या प्रवाशांची पाहणी सुरू करण्याआधी प्रत्येक गटाने आपल्याला एकमेकांकडून काय हवंय, ते बोलून ठरवायचं. अवधूतला यात बोलण्यासारखं काही दिसत नव्हतं. गेल्या सत्रातही हेच तिघं एका गटात होते आणि त्यांचा प्रोजेक्ट वर्गात पहिला आला होता.

“मला चांगले मार्क हवेत,” सलोनी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

दीपाली रोज लोणी काळभोरहून बसने येई. गटात ती फारशी बोलत नसे. आज मात्र ग्लासच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, “मी लिहिलेलं मला न विचारता बदलायचं नाही.”

अवधूतचं पेन थांबलं. “मी फक्त चुका सुधारल्या होत्या.”

“अख्खा भाग नवा लिहिला होतास. प्रेझेंटेशनच्या वेळी मॅडमनी मला माझ्याच भागावर प्रश्न विचारला. पडद्यावरचं मी तेव्हा पहिल्यांदाच वाचत होते.”

त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. दीपाली घाबरलीय असं समजून तिच्या वतीने त्यानेच उत्तर दिलं होतं. नारायण पेठेतल्या घरी जेवताना आईला ते कौतुकाने सांगितलंही होतं.

“सलोनी, तुझाही भाग मी बदलला होता. तुला राग आला?”

“छे! मी तर मुद्दाम अर्धवट देते. तू करतोसच ना.”

अवधूतने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. कोणाची माफी मागावी आणि कोणावर चिडावं, हेच त्याला उमगेना.

“मग मी नक्की करायचं तरी काय?”

“तुझा भाग,” दीपाली म्हणाली. “आणि अडलं तर विचार.”

पाहणी झाल्यावरच्या रविवारी दुपारी दीपालीचा मजकूर आला. दुसऱ्याच परिच्छेदात आकडे एक सांगत होते आणि वाक्य भलतंच. सवयीने त्याने ते वाक्य खोडलं, नवं लिहिलं, आणि मग होतं तसं करून ठेवलं. शेवटी त्याने मेसेज केला, “तुझा दुसरा परिच्छेद मला कळला नाही.”

उत्तर लगेच आलं. “मलाही नाही कळलेला. उद्या तिघं मिळून बघू या?”

त्याने सलोनीला फोन लावला.

“उद्या जरा लवकर येशील?”

“का? तू करतोयस ना?”

“नाही,” अवधूत म्हणाला. “तिघं मिळून बघायचंय. आणि तुझा भाग तूच पुरा करून आण.”