ब्रेक तेल

डबा मला दिसला तेव्हा भाग्येश त्याचं झाकण उघडत होता. मी लगेच त्याला थांबवलं.

नाही. पुन्हा लिहितो.

डबा दिसला तेव्हा भाग्येश बॉनेटमध्ये वाकला होता आणि पारसमल शेठ त्याच्यासाठी टॉर्च धरून उभे होते. शहाद्यातली ही एकुलती एक जुनी विलायती एमजी मोटार, साठ सालची, लाल. अकरा वर्षं मी सांभाळली. टॉर्च शेठ माझ्यासाठी धरायचे.

आता त्यांच्या नातवाने, रिषभने, विलायतेहून ब्रेकचा दुहेरी मास्टर सिलिंडर मागवला. जुन्यात एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. नव्यात दोन चाकांचे तरी राहतात. दर दिवाळीला मीच हे शेठना सांगायचो. बसवायला मात्र बोलावला पुण्यात शिकलेला मेकॅनिक भाग्येश.

"शेठ, थोडं डावीकडे," तो म्हणाला.

शेठ सरकले. मला कधी सांगावं लागलं नव्हतं.

डब्याचं सांगायचं राहिलं. आमच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. दुकानात 'ब्रेक तेल' मागितलं की तेच हातात पडतं. भाग्येशने तेच मागितलं, तेच आणलं. मोटारीच्या ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं. चार दिवसांनी ब्रेक दगा देतात.

मी मनात म्हटलं, भरू दे.

मग आठवलं, चार दिवसांनी गाडीत भाग्येश नसेल. शेठ असतील.

"भाग्येश, ते ट्रॅक्टरनं तेल शे."

त्याने डबा फिरवून वाचला. चेहरा उतरला. "भाऊ, तुम्ही होते म्हणून वाचलो."

शेठ हसले. "मन्हा ईश्वरनी नजर शे ती. तुले कव्हय दिखनं रे?"

"आतेच," मी आत्ताच दिसल्यासारखं म्हणालो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. शेठाणी जडावबाई अकराचा चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "आतेच कसं? ईश्वरभाऊ नऊ वाजापासून त्या डबानाच जोडे बठेल शे." नऊपासून मी डब्याशेजारीच बसलो होतो, हे खरंच होतं.

शेठनी टॉर्च बंद केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

बरोबर तेल माझ्या गॅरेजात होतं. मी चहा ठेवून ते आणायला उठलो.

"तू बठ," शेठ म्हणाले. "भाग्येश लई येई."

मी खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि भाग्येशच्या हातावर ठेवली.