हेलिकॉप्टरचा नकार

बाहेरच्या खोलीत एवढी माणसं कोंबली होती की एखाद्या डासाला आत शिरायचं असतं, तर आधी कोणाला तरी बाहेर काढावं लागलं असतं. खिडकीच्या गजांना चांगली मिशीवाली माणसं वटवाघळांसारखी लटकली होती. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर खिळलेले. मधोमध एक फिरतं स्टूल, त्यावर जमिनीपर्यंत सोडलेली पांढरी चादर आणि चादरीवर महिन्यापूर्वी वारलेल्या सासऱ्यांचं रिमोटचं हेलिकॉप्टर! वरची मोठी पाती काढून ठेवलेली, शेपटीचा छोटा पंखा तेवढा जागेवर.

सून समोर रिमोट मांडीवर घेऊन बसली होती. आतल्या खोलीत तिची सात वर्षांची लेक झोपली होती. मुलीच्या हृदयाला जन्मापासून भोक. उद्या सकाळी ऑपरेशन, आज पाचच्या आत दवाखान्यात भरती करायचं, आणि घड्याळात तीन वाजून गेलेले.

"बाई, दोन्ही हात वर करा!" पंखबाबा गरजला. या बाबाला सगळे पंखबाबाच म्हणायचे. "मंडळी, नीट बघा! रिमोटच्या काड्यांना कोणी शिवलंय का?"

"नाही!" खोली एका आवाजात म्हणाली.

"मग बॅटरी जोडतो. आता दहा श्वास होईपर्यंत कोणी हलायचं नाही, यंत्राला धक्का लागायला नको. आत्मा दूरवरून येतोय, थकलेला असतो!"

कोणी खोकलंसुद्धा नाही. हेलिकॉप्टरमधून बारीक टिकटिक झाली आणि थांबली. सासूबाईंनी हात जोडले.

"हे पुण्यात्म्या," बाबाने डोळे मिटले, "नातीचं ऑपरेशन करावं का? होकार असेल तर शेपटी उजवीकडे, नकार असेल तर डावीकडे. मंडळी, नजर शेपटीवर!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग बारीक गुर्र असा आवाज आला आणि शेपटीची पाती आपोआप डावीकडे वळली. वळली ती वळलेलीच राहिली.

हा तिसरा नकार होता.

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई रडू लागल्या. "बारा वर्षं हे यंत्र घरात आहे. माणसाने काडी हलवल्याशिवाय शेपटी कधी हलली नाही. ते गेले आणि हलायला लागली! त्यांचाच जीव आहे त्यात."

नवऱ्याने मान खाली घातली. "आपण तारीख पुढे ढकलू या," तो पुटपुटला.

"डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर नको," सून म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू गेला नाही. पोरगी जिना चढताना ओठ निळे पडायचे, ते तिला दिसत होतं. आणि समोर ती वळलेली शेपटीही दिसत होती. दोन्हीकडून मरणच.

"यंत्र आश्रमात पाठवून द्या," बाबा म्हणाला. "पोर आपोआप बरी होईल."

एवढ्यात दारातून आवाज आला, "अरे, वाट द्या! मेलेल्या भावाला भेटायला आलेय, जिवंत माणसांनी चेंगरून मारू नका!"

या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, आत्याबाई. परगावी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. हातात पेचकस नसला की त्यांना भर रस्त्यात अनवाणी आल्यासारखं वाटायचं.

त्यांनी बाबाकडे बघितलं. "तू होय! खेळण्यांच्या दुकानात होतास ना? असलीच हेलिकॉप्टरं विकायचास आणि बिघडली की माझ्याकडे धाडायचास. आता आत्मे विकतोस? बढती झाली म्हणायची!"

बाबाने हात उंचावला. "आई, इथे अश्रद्धा..."

"अश्रद्धा राहू दे, पाय काढ." आत्याबाईंनी चादर ओढली. स्टुलाच्या फिरत्या बैठकीला बाबाच्या पायाचा अंगठा टेकलेला होता. त्याने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सूनबाई, रिमोट तसाच राहू दे." आत्याबाईंनी हेलिकॉप्टर उचलून खाली फरशीवर ठेवलं, बॅटरी काढून पुन्हा जोडली आणि टिकटिक थांबेपर्यंत हात लावला नाही. "हं, विचार आता तुझ्या आत्म्याला."

बाबाने विचारलं. मग जरा मोठ्याने विचारलं. शेपटी ढिम्म.

"आत्मा रागावलाय!"

"स्टुलावर तीनदा बोलला आणि फरशीवर रागावला? थंडी वाजली का रे त्याला?"

खिडकीतला एक मिशीवाला फिसकन हसला. सून मात्र थिजली होती.

"ये, तू हात लाव," आत्याबाई तिला म्हणाल्या. "नाक डावीकडे वळव. बोटभरच."

तिने हेलिकॉप्टर जरासं डावीकडे फिरवलं. गुर्र! पाती वळली. उजवीकडे फिरवलं. गुर्र! उलटी वळली. तिने पुन्हा डावीकडे फिरवलं, पुन्हा उजवीकडे. दर वेळी तिच्या हातालाच उत्तर मिळत होतं, मघाशी स्टूल फिरवणाऱ्या बाबाच्या अंगठ्याला मिळालं तसंच.

"वरची पाती एका बाजूला फिरतात, म्हणून धड उलट्या बाजूला गिरक्या घेऊ बघतं," आत्याबाई म्हणाल्या. "त्या गिरक्या शेपटीचा पंखा रोखतो. धड किंचित वळलं की ओळखणारा आणि शेपटीला हुकूम देणारा हा डबीएवढा भाग, जायरो. सुरू करताना हलवलं तर त्याचा अंदाज चुकतो, म्हणून ते दहा श्वास! जुना जायरो साधा होता, शेपटी लगेच सरळ व्हायची, तुमच्या नजरेत भरलीच नाही. हा नवा धडाची दिशा लक्षात ठेवतो, म्हणून शेपटी वळलेली राहते. दादा जायच्या आठवडाभर आधी माझ्या दुकानात येऊन आम्ही दोघांनी तो बसवला. उडवून बघायचं राहून गेलं बिचाऱ्याचं."

"मग... ते बोलत नव्हते?" सासूबाईंनी विचारलं.

आत्याबाई त्यांच्याजवळ बसल्या. "वहिनी, दादा बोलला असता, तर पोरीच्या ऑपरेशनला नाही म्हणाला असता का?"

सासूबाईंनी मानेनेच नाही म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात बाबा गर्दीत असा विरघळला, की अमुक माणूस इथे होता हे सांगूनही खरं वाटू नये.

सुनेने मुलीची पिशवी भरली, नवऱ्याने झोपलेल्या लेकीला उचलून घेतलं. दाराशी सून थबकली. "आत्याबाई, मला अजून भीती वाटतेय."

"वाटणारच. ऑपरेशन आहे, खेळ नाही. डॉक्टरांना काय धोका आहे ते विचार, दहा वेळा विचार. ते कागद दाखवतील, चुकले तर तपासता येईल. स्टुलाखालच्या अंगठ्याला काय तपासणार?"

मंडळी, भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण घाबरलेल्या माणसासमोर कोणी चमत्कार मांडला, तर आधी चादर उचलून बघा. खरं असेल ते उजेडात पळून जात नाही.

"आणि घाबरायचंच असेल," आत्याबाईंनी रिक्षाला हात केला, "तर रिक्षात बसून घाबर. पाचच्या आत पोचायचंय."