आईचं वाक्य

एसेकिएलने संगणकाचं झाकण खाली केलं. आईचं वाक्य अर्धंच राहिलं.

“दमलीये ती,” तो बहिणीला म्हणाला. “संध्याकाळी बोलू.”

आई, नेलिदा, दमली नव्हती. डोळे वटारून ती मुलाकडे बघत होती. अर्जेंटिनातल्या पराना नदीवर चाळीस वर्षं मुलींना वल्हवायला शिकवलेली ही बाई. आजारपणाने हात, पाय, जीभ सगळं नेलं, डोळे तेवढे राहिले. चाकाच्या खुर्चीला लावलेल्या संगणकाच्या पडद्यावरच्या अक्षरांवर ती नजर फिरवी, कॅमेरा ती टिपी आणि संगणक तिच्या वतीने बोले.

मात्र झाकण मिटून संगणक एकदा झोपला, की उठल्यावर कॅमेरा आंधळाच राही. सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं, कॅमेऱ्याला तिची नजर नव्याने ओळखायला लावायची. तोवर घरातले निर्णय होऊन गेलेले असत.

“झोपवूच नका ना त्याला,” विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं.

“झोपवणारे घरातच आहेत,” बहीण, यानिना, म्हणाली होती.

ती प्रोग्रामर होती. आईला आपल्याकडे कोर्दोबाला न्यायचं ठरवूनच ती रोसारियोला आईच्या घरी आली होती. एसेकिएलने वृद्धाश्रम बघून ठेवला होता. पण आधी तिने संगणक हातात घेतला. दोष सापडायला आठवडा गेला. झोपण्याआधी कॅमेरा चालू होता, म्हणून जागा झाल्यावरही तो चालूच असणार, असं संगणक धरून चालायचा. त्याची वीज तुटलीये की आहे, हे विचारायचाच नाही. यानिनाने त्याला विचारायला लावलं: उठलास की आधी कॅमेऱ्याला वीज दे, तो जागा झाल्याची खात्री कर, मग पुढचं.

आज सकाळीच ते काम संपलं होतं. एसेकिएलला ठाऊक नव्हतं.

तिने झाकण उघडलं. कॅमेऱ्याचे दोन लाल ठिपके लागले. आईची नजर अक्षरांवर धावू लागली.

“माझं बोलणं झालं नव्हतं,” संगणक म्हणाला.

एसेकिएलच्या हातातला ‘माते’ चहाचा पेला तसाच राहिला. “हा लगेच कसा उठला?”

“वृद्धाश्रमात जाणार नाही. माझ्या सहीशिवाय नेता येत नाही, आणि सही मी करणार नाही.”

“आई, पण रात्री काही झालं तर?”

“तर होईल. माझ्या घरात होईल.”

यानिनाने भावाकडे बघून भुवया उंचावल्या. मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, “म्हणूनच तर म्हणते ना, कोर्दोबाला खोली तयार आहे. खिडकीतून डोंगर दिसतो.”

डोळे पुन्हा हलले. या वेळी सावकाश, एकेक अक्षर नीट निवडून.

“डोंगर तूच बघ. कोर्दोबालाही नाही.”

एसेकिएल खो खो हसला. “घे! कर अजून दुरुस्ती!”

“आई, तू जरा विश्रांती घे, मग आपण—”

यानिनाचा हात संगणकाच्या झाकणाकडे गेला होता. तो तिने मागे घेतला. एसेकिएलचं हसू थांबलं. त्यालाही ते दिसलं होतं.

आईची नजर मात्र अक्षरांवरून हटली नव्हती. यानिनाने खुर्ची पुढे ओढली, पडद्यासमोर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन आईचं पुढचं वाक्य होईपर्यंत थांबली.