बोलता येईल इतकंच

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, पण जागच्या जागी फिरणारी. शाळेत कवायत शिकवणाऱ्या मास्तरांनी मला हौसेने घरी आणलं. आठवडाभर माझं कोण कौतुक! पुढची चार वर्षं माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत राहिले.

मास्तरांच्या बायकोला पाचवा महिना लागला, तेव्हा कुठे घराला माझी आठवण झाली. ती दिवसभर शिवणयंत्रावर बसायची आणि संध्याकाळी तिची पाठ भरून यायची. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि रोज वीस मिनिटं सायकल चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. अट एकच घातली. चालवताना सहज बोलता आलं पाहिजे, धाप लागली की थांबायचं.

इतकं सोपं वाक्य! पण या घराला सोपं काही मानवतच नाही. सासूबाईंनी अर्थ लावला की चालवताना बोलत राहायचं असतं. त्या रोज माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि प्रश्न विचारून सुनेला भंडावून सोडायच्या. दुसऱ्या बाजूला मास्तर शिट्टी घेऊन उभे. हा कसला व्यायाम, असं म्हणत ते रोज माझा स्क्रू थोडा आवळून पायडल जड करायचे. मी कुरकुरून कुरकुरून थकले, पण ऐकतो कोण?

एका सकाळी त्यांनी स्क्रू चांगला दोन फेरे आवळला. बाळाच्या झबल्याला बटणं लावायची की नाड्या, असं सासूबाईंनी विचारलं. सून म्हणाली, नाड्या. पुढच्या प्रश्नाला नुसतं "हं" आलं. त्याच्या पुढच्याला तेही नाही. ती माझ्या हँडलवर झुकत चालली आणि मला मेलीला थांबताही येईना.

"अजून पाच मिनिटं," मास्तर म्हणाले.

सासूबाई ताडकन उठल्या. "ती बोलत नाहीये. शिट्टी ठेव खाली आणि तिला धर आधी."

तिला भोवळ आली होती. मास्तरांनी तिला अलगद उतरवून कुशीवर निजवलं आणि थोड्या वेळाने दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके व्यवस्थित लागले, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना असं फैलावर घेतलं, की शाळेतल्या पोरांना पाहायला मिळायला हवं होतं.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, माझे स्क्रू हवे तेवढे आवळा. पण माझ्यावर बसलेल्या बाईला, बरं वाटतंय का, एवढं विचारत चला. आणि उत्तर आलं नाही, तर मिनिटं मोजत उभे राहू नका. तिला उतरवा.